हुद्दा कायम, अधिकार निवृत्त

काळाचौकी, लालबाग, परळ या गिरणगावच्या पट्ट्यात स्वातंत्र्यदिन किंवा गणेशोत्सव जवळ आला, की सार्वजनिक मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका छपाईला जातात. ध्वजवंदनाला किंवा गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराला लष्करातून निवृत्त झालेल्या एखाद्या अधिकाऱ्यास निमंत्रित करण्याची प्रथा येथे नवी नाही. अडचण उभी राहते ती पाहुण्यांचे नाव छापताना. ‘कर्नल (निवृत्त) अमुक’, ‘निवृत्त कर्नल अमुक’, ‘माजी कर्नल अमुक’ आणि ‘कर्नल अमुक (निवृत्त)’ अशी चार रूपे चार पत्रिकांवर आढळतात. गृहनिर्माण संस्थांचा पत्रव्यवहार, महापालिकेच्या एफ-दक्षिण विभाग कार्यालयाकडे जाणारे अर्ज आणि वृत्तपत्रांकडे येणारी पत्रे यांचीही गत याहून वेगळी नाही.

कंस कोठे घालावा, हा प्रश्न वरवर पाहता मुद्रितशोधकाचा वाटतो. वस्तुतः त्या कंसाच्या जागेवरून दोन गोष्टी ठरतात. नावाआधीचा हुद्दा त्या व्यक्तीजवळ किती काळ राहतो, ही पहिली. आणि ते पत्र लष्कराच्या वतीने बोलते की एका नागरिकाच्या, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना लष्करी परंपरा उदार आहे. दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र ती तितकीच काटेकोर आहे. या दोहोंतील फरक लक्षात न घेतल्यानेच बहुतेक गोंधळ निर्माण होतो.

पद वेगळे, हुद्दा वेगळा

लष्करी परिपाठात मान्य असलेले रूप ‘ब्रिगेडियर अमुक (निवृत्त)’ असे आहे. ‘ब्रिगेडियर (निवृत्त) अमुक’ असे नाही. त्यामागील तर्क साधा आहे. निवृत्त होतो तो अधिकारी. हुद्दा निवृत्त होत नाही. म्हणून ‘निवृत्त’ हे विशेषण माणसाच्या नावाला चिकटून यावे, हुद्द्याला नव्हे. मराठी वृत्तपत्रांनी मात्र वर्षानुवर्षे कंस हुद्द्याला जोडला. लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर, एअर मार्शल भूषण गोखले यांच्यासारख्या जाणकारांची नावे मराठी वाचकांनी बहुधा याच रूपात वाचली आहेत.

याला मराठीची घडणही काही अंशी कारणीभूत आहे. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते. ‘निवृत्त शिक्षक’, ‘निवृत्त न्यायाधीश’ या वळणावर ‘निवृत्त कर्नल’ सहज जिभेवर येते आणि बातमीच्या ओघात ते खटकतही नाही. परंतु औपचारिक पत्रात, पाकिटावरील पत्त्यात किंवा स्वाक्षरीखाली नाव हे वाक्याचा भाग नसते. ते त्या व्यक्तीची अधिकृत ओळख असते. तेथे बोलीतील सोय बाजूला ठेवून मान्य रूपच वापरणे योग्य ठरते.

खरी चूक होते ती ‘माजी’ हा शब्द वापरताना. ‘माजी आमदार’, ‘माजी नगरसेवक’ या शब्दांच्या सवयीने ‘माजी कर्नल’, ‘माजी मेजर’ असेही लिहिले जाते. आमदारकी हे पद आहे. मुदत संपली की ते जाते. कर्नल हा हुद्दा आहे; तो सेवेतून मिळविलेला असतो आणि सन्मानाने निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या नावासोबत राहतो. म्हणूनच ‘माजी लष्करप्रमुख’ हे शंभर टक्के बरोबर आणि ‘माजी जनरल’ हे चूक. डिसेंबर २०१९ ते एप्रिल २०२२ या काळात लष्कराचे नेतृत्व केलेल्या मराठी अधिकाऱ्याचा उल्लेख ‘माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे (निवृत्त)’ असा केला, तर या एका ओळीत पद, हुद्दा आणि निवृत्ती या तिन्ही गोष्टी आपापल्या जागी बसतात.

या नियमाला एक सन्माननीय अपवाद आहे. फील्ड मार्शल कधीच निवृत्त होत नाही. सॅम माणेकशा यांना जानेवारी १९७३ मध्ये हा हुद्दा मिळाला. के. एम. करिअप्पा लष्करप्रमुखपदावरून १९५३ मध्ये निवृत्त झाले होते. त्यांना तब्बल ३३ वर्षांनी, १९८६ मध्ये, फील्ड मार्शल करण्यात आले. हवाई दलात हाच मान २००२ मध्ये अर्जन सिंग यांना मिळाला. या तिघांच्या नावापुढे ‘निवृत्त’ हा शब्द कधीही लागत नाही. इतरांच्या बाबतीत तो लागतो, हे त्यावरून अधिकच स्पष्ट व्हावे.

घटनेतील चार शब्द

स्वतंत्र भारताने पदव्या आणि किताब मोडीत काढले, तर मग लष्करी हुद्दा नावाला लावण्यास मुभा कशी, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्याचे उत्तर राज्यघटनेत आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद १८ राज्याला किताब देण्यास मनाई करतो. तथापि लष्करी व विद्याविषयक मानचिन्हे त्या मनाईतून वगळलेली आहेत. संविधान सभेत १९४८च्या अखेरीस या अनुच्छेदाच्या मसुद्यावर चर्चा झाली. ‘रावबहादूर’ आणि ‘सर’ यांना निरोप देताना ‘डॉक्टर’ आणि ‘कॅप्टन’ यांना मात्र जागा ठेवण्यात आली.

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी बालाजी राघवन खटल्यात भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, असा निर्वाळा दिला. मात्र ते नावाआधी किंवा नावानंतर लावता येणार नाहीत, हेही त्याच वेळी बजावले. त्यामुळे ‘पद्मश्री अमुक’ असे पत्रशीर्षावर छापणे अयोग्य ठरते. लष्करी हुद्द्याची गोष्ट वेगळी आहे. परमवीर चक्र, महावीर चक्र किंवा विशिष्ट सेवा पदक यांची आद्याक्षरे नावानंतर लिहिण्याची लष्करातील प्रथाही कायम आहे. हुद्दा, नाव, पदकांची आद्याक्षरे आणि शेवटी कंसात ‘निवृत्त’, असा त्यांचा क्रम असतो.

घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बालपण आणि तारुण्य ज्या घरात गेले, ते घर एका निवृत्त लष्करी माणसाचे होते, हा योगायोग गिरणगावातील वाचकाला विशेष जवळचा वाटेल. रामजी सकपाळ हे ब्रिटिश भारतीय लष्करात सुभेदार होते आणि महू येथील लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर दापोली, सातारा असा प्रवास करीत हे कुटुंब मुंबईत आले आणि परळच्या डबक चाळीत राहिले. पुढे परळच्याच बीआयटी चाळीत. ही ठिकाणे काळाचौकीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. रामजींचे निधन १९१३ मध्ये झाले. लष्कर सोडून त्यांना तेव्हा बरीच वर्षे लोटली होती, तरी लोकांच्या तोंडी आणि इतिहासाच्या पानांवर ते ‘रामजी सुभेदार’च राहिले. त्यांच्या नावापुढे कोणी कंस घातला नाही.

महाराष्ट्राला हे नवे नव्हते. सुभेदार, हवालदार, जमादार, किल्लेदार, सरनोबत ही आज मराठी आडनावे आहेत. कोणे एके काळचा हुद्दा पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात मुरला आणि नाव होऊन बसला. गावोगावी रजेवर आलेल्या शिपायालाही लोक आदराने ‘मेजर’ म्हणून हाक मारतात, तीही याच मनोवृत्तीतून. बोलण्यातील हा आदर गोड आहे. पत्रव्यवहारात मात्र तो जसाच्या तसा उतरविता येत नाही. कारण कागदावरचा ‘मेजर’ हा आदरार्थी शब्द नसून निश्चित अर्थाचा हुद्दा असतो.

स्वाक्षरीचे वजन

हुद्दा सोबत राहतो, अधिकार राहत नाही. हे सूत्र किती नाजूक आहे, याचा प्रत्यय एप्रिल २०१९ मध्ये देशाला आला. लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात सैन्यदलांचा राजकीय लाभासाठी वापर होत असल्याची तक्रार करणारे ११ एप्रिल २०१९ या तारखेचे एक पत्र राष्ट्रपतींच्या नावे प्रसिद्ध झाले. त्यावर दीडशेहून अधिक माजी सैनिकांची नावे होती आणि त्यांत तिन्ही दलांचे मिळून आठ माजी प्रमुख होते. मुंबईत जन्मलेले दोन माजी प्रमुख, ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास आणि जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज, यांचीही नावे त्या यादीत होती. दुसऱ्याच दिवशी जनरल रॉड्रिग्ज आणि एअर चीफ मार्शल एन. सी. सुरी यांनी आपली संमती नसल्याचे सांगितले. इतर काही जणांनी मात्र आपण सही केल्याचे ठामपणे सांगितले. पत्र पोहोचलेच नसल्याचे राष्ट्रपती भवनाकडून सांगण्यात आले.

त्या पत्रातील मतांविषयी दुमत असू शकते. परंतु हीच नावे हुद्द्याविना छापली गेली असती, तर त्यावर इतका गदारोळ झाला असता काय? पत्राला वजन आले ते नावाआधीच्या ‘जनरल’ आणि ‘ॲडमिरल’ या शब्दांमुळे. याच कारणाने सहीविषयीच्या वादालाही गंभीर स्वरूप आले. त्याच निवडणुकीच्या तोंडावर, मार्च २०१९ मध्ये, निवडणूक आयोगाने प्रचारात सैनिकांची छायाचित्रे न वापरण्याची सूचना राजकीय पक्षांना केली होती. सैन्यदलांची प्रतिमा ही सर्वांची ठेव आहे, ही त्यामागील भूमिका. निवृत्त अधिकाऱ्याचा हुद्दा हाही त्याच ठेवीचा छोटा हिस्सा म्हणावा लागेल.

‘निवृत्त’ या शब्दाचे खरे काम येथे सुरू होते. तो कमीपणा दाखविणारा शब्द नाही. पत्र लिहिणारा आता आदेशाखाली नाही, त्याचे मत हे सैन्यदलाचे मत नाही आणि नागरिक म्हणून बोलण्यास तो मोकळा आहे, हे सर्व त्या एका शब्दाने वाचणाऱ्याला कळते. म्हणजे तो शब्द संस्थेचे रक्षण करतो आणि लिहिणाऱ्याच्या स्वातंत्र्याचेही. धोरणावर टीका करणारे पत्र असो वा सोसायटीच्या पुनर्विकासाबाबत म्हाडाकडे पाठविलेली हरकत असो, तेथे तो गाळणे म्हणजे जे वजन आता आपले नाही ते तराजूत टाकण्यासारखे आहे.

कायद्यानेही हीच रेषा आखली आहे. राजमुद्रेच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा २००५चा कायदा सरकारच्या माजी पदाधिकाऱ्यांनाही लागू आहे. सरकारशी संबंध असल्याचा भास होईल अशा रीतीने पत्रशीर्षावर राजमुद्रा छापण्यास त्यांनाही मनाई आहे. सैनिक नसताना सैनिक वाटावे या हेतूने तसा गणवेश किंवा चिन्ह वापरणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १४० खाली गुन्हा होता. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ मध्ये आहे. थोडक्यात, हुद्दा लिहिण्यास हरकत नाही. हुद्द्याच्या आडून सरकार असल्याचा भास निर्माण करण्यास आहे.

अन्य देशांचे संकेतही पाहण्याजोगे आहेत. ब्रिटनमध्ये मेजर आणि त्यावरील हुद्द्याचे अधिकारी नागरी जीवनात हुद्दा लावतात, त्याखालील अधिकारी साधारणतः लावत नाहीत आणि खासगी पत्रव्यवहारात ‘निवृत्त’ हा शब्द सहसा लिहिला जात नाही. अमेरिकेत निवृत्त अधिकाऱ्याला व्यवसायातही हुद्दा वापरता येतो. मात्र आपण निवृत्त असल्याचे नमूद करावे लागते आणि संरक्षण खात्याचा त्या व्यवसायाला पाठिंबा असल्याचे सूचित होता कामा नये. भारतीय प्रथा ब्रिटिश मुशीतून आली असली, तरी ‘निवृत्त’ लिहिण्याच्या बाबतीत ती अमेरिकेच्या अधिक जवळ आहे.

‘एक्स हवालदार’ची व्यथा

या साऱ्या चर्चेत एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते आणि काळाचौकीसारख्या वस्तीत तीच सर्वांत महत्त्वाची आहे. गिरणगाव वसले ते सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या माणसांनी. याच गावांनी मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंटला जवान दिले. एक भाऊ गिरणीत आणि दुसरा पलटणीत, हे येथील अनेक घरांचे चित्र होते. साहजिकच या चाळींत आणि वसाहतींत ब्रिगेडियरपेक्षा नाईक, हवालदार आणि सुभेदार अधिक.

त्यांच्या नावाचे काय होते? अधिकाऱ्याच्या नावानंतर ‘निवृत्त’ लागते, तर जवानाच्या नावाआधी बहुधा ‘एक्स’ हे अक्षर लागते. सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढील खटल्यांची शीर्षके पाहिली, तरी हा भेद डोळ्यांत भरतो. अधिकारी तेथे ‘लेफ्टनंट कर्नल अमुक (निवृत्त)’ म्हणून उभा असतो, तर जवान ‘एक्स हवालदार अमुक’, ‘एक्स नाईक अमुक’ म्हणून. दोघांनीही सेवा पूर्ण केली, दोघांनाही निवृत्तिवेतन मिळते. पण कागदावर एकाचा हुद्दा शाबूत राहतो आणि दुसऱ्याचा ‘माजी’ होतो. हुद्दा निवृत्त होत नाही हे तत्त्व खरे असेल, तर ते हवालदाराच्या हुद्द्यालाही लागू व्हायला हवे.

हा केवळ मानापमानाचा मुद्दा नाही. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी घेऊन उभे राहिले. महारांची लष्करभरती बंद झाल्यावर १८९०च्या दशकात या निवृत्त सैनिकांनी सरकारदरबारी अर्जविनंत्या केल्या. ज्यांना समाज माणूस म्हणून ऐकून घेण्यास तयार नव्हता, त्यांच्यापाशी सरकारपुढे उभे राहण्यासाठी एकच आधार होता: पलटणीतील सेवा आणि तीत मिळविलेला हुद्दा. औपचारिक पत्रातील हुद्दा हा कोणासाठी अलंकार असेल. यांच्यासाठी तो आवाज होता. आजही सरकारी कार्यालयाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या निवृत्त नाईकाला ‘सुभेदार अमुक यांचे पत्र’ आणि ‘कोणा अमुकचा अर्ज’ यांतील फरक चांगला ठाऊक असतो.

‘माजी सैनिक’ हा शब्द चुकीचा आहे, असा याचा अर्थ नव्हे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या योजना, सवलती आणि आरक्षण या शब्दावरच चालतात. तो एका वर्गाचे नाव आहे आणि त्या ठिकाणी योग्यच आहे. व्यक्तीचा उल्लेख करताना मात्र ‘हवालदार अमुक (निवृत्त)’ असे लिहिण्यास कोणतीही आडकाठी दिसत नाही. निवेदनांवर, निमंत्रणपत्रिकांवर आणि वृत्तपत्रांतून हे रूप रुळले, तर सरकारी कागदांवरही ते उमटण्यास वेळ लागणार नाही.

अग्निपथ योजनेमुळे हा प्रश्न आणखी एका वळणावर येऊन ठेपला आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत ‘अग्निवीर’ हा स्वतंत्र हुद्दा आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांना कायम करण्याची आणि इतरांना निवृत्तिवेतनाविना कार्यमुक्त करण्याची त्यात तरतूद करण्यात आली. पहिल्या तुकड्या २०२२च्या अखेरीस व २०२३च्या आरंभी प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. पंचविशीच्या आत घरी येणारा हा तरुण नोकरीच्या अर्जावर स्वतःला काय म्हणवून घेणार? ‘निवृत्त’ हा शब्द त्याला लागू पडत नाही, कारण तो निवृत्त झालेलाच नसतो. त्याच्यासाठी समाजाला आणि भाषेला नवे, सन्मानाचे रूप शोधावे लागेल.

पत्र लिहिताना

गोंधळाच्या आणखी काही जागा आहेत. मुंबईत सर्वांत फसवा शब्द म्हणजे ‘कॅप्टन’. लष्करातील कॅप्टन हा नौदलातील लेफ्टनंटच्या बरोबरीचा, तर नौदलातील कॅप्टन हा लष्करातील कर्नलच्या बरोबरीचा असतो; म्हणजे दोघांत तीन पायऱ्यांचे अंतर. त्याखेरीज व्यापारी जहाजाचा आणि प्रवासी विमानाचाही कॅप्टन असतोच. म्हणून नौदल अधिकाऱ्याने नावानंतर ‘भारतीय नौदल (निवृत्त)’ असे लिहिणे सोयीचे ठरते.

मानद हुद्द्यांबाबतही काळजी हवी. प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी निवडक सुभेदारांना व सुभेदार मेजरांना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन केले जाते. प्रदीर्घ सेवेअंती मिळणारा हा मान मोठा आहे. पण ‘मानद’ हा शब्द गाळल्यास वाचणाऱ्याची दिशाभूल होते. सचिन तेंडुलकर यांना २०१० मध्ये हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केले, तेही याच अर्थाने मानद. सेवेतून चढत जाऊन मिळालेले नव्हे.

मराठी औपचारिक पत्रासाठी सुटसुटीत रीत अशी सांगता येईल. पत्त्यात हुद्दा पूर्ण लिहावा. ‘ले.’, ‘क.’, ‘ब्रि.’ अशी लघुरूपे टाळावीत, मराठीत ‘ले.’ म्हणजे लेखकही होतो. हुद्दा असेल तेथे ‘श्री.’ लावू नये, ‘श्री. कर्नल’ ही द्विरुक्ती आहे. पत्राच्या मायन्यात ‘निवृत्त’ हा शब्द नको, तेथे ‘मा. कर्नलसाहेब’ किंवा ‘मा. सुभेदारसाहेब’ पुरेसे आहे. लेफ्टनंट कर्नलला मायन्यात कर्नल आणि लेफ्टनंट जनरलला जनरल म्हणण्याची पद्धत आहे.

पत्र लिहिणारा स्वतः निवृत्त अधिकारी असेल, तर त्याने सही केवळ नावाची करावी आणि तिच्याखाली हुद्दा, नाव व कंसात ‘निवृत्त’ असे टंकलिखित करावे. घरगुती पत्रात, दुकानदाराशी झालेल्या वादात किंवा शेजाऱ्याविरुद्धच्या तक्रारीत हुद्दा लिहिलाच पाहिजे असे नाही. निवृत्तिवेतन किंवा सवलतीच्या अर्जात हुद्द्यापेक्षा सेवाक्रमांक आणि निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांकच अधिक उपयोगी पडतो.

डबक चाळीतील रामजी सुभेदारांना कंसाची गरज भासली नाही, कारण चाळीत त्यांना सगळे ओळखत होते. आजच्या पत्राचा वाचक लिहिणाऱ्याला ओळखत नाही. त्याच्यासाठी नावाआधीचा हुद्दा म्हणजे केलेल्या सेवेची नोंद आणि नावानंतरचा ‘निवृत्त’ म्हणजे ती सेवा संपल्याची प्रामाणिक कबुली. जनरलपासून शिपायापर्यंत सर्वांच्या नावांना या दोन्ही गोष्टी सारख्याच मिळाल्या, तर तो कंस योग्य जागी पडला असे म्हणता येईल.